खाणीच्या डंपवर हिरवळ आली, पण माती जिवंत झाली का?

मृदगंध (धागाकर्ती)

८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका आदेशाची जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही. खाणकाम संपलं की खाणमालकाने स्वतःच्या खर्चाने त्या जमिनीवर पुन्हा गवत आणायचं, चारा, झाडंझुडपं आणि वन्यजीव तिथे परत नांदू शकतील इतपत ती जमीन सुधारून द्यायची, अशी अट खाणपट्ट्यांमध्ये घालावी, असं न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितलं. खंडपीठाचे प्रमुख होते तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे, म्हणजे आमच्या नागपूरचेच.

मी मातीतल्या सूक्ष्मजीवांवर काम करते, त्यामुळे सुरुवात गवतापासून व्हावी हे वाचून मला मनापासून बरं वाटलं. आपल्याकडे खाणीची जमीन 'पूर्ववत' करणं म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर डंपवर खड्डे मारायचे, रोपं लावायची आणि फोटो काढायचे, इतकंच झालं आहे. पुढच्या मे महिन्यात त्यातली किती रोपं उभी आहेत हे बघायला कुणी जात नाही.

डंप म्हणजे काय ते आधी सांगते. खनिजापर्यंत पोहोचण्यासाठी वरची माती, मुरूम आणि खडक काढून बाजूला टाकतात. टाकताना थर उलटे होतात. जी सुपीक माती सर्वांत आधी निघते ती तळाशी गाडली जाते आणि ज्याने कधी ऊन-वारा पाहिला नाही असा खालचा दगड-भुगा वर येतो. त्यात सेंद्रिय कर्ब नसल्यात जमा, नत्र नाही, स्फुरद (फॉस्फरस) असला तरी लोहाने बांधून ठेवलेला. पाणी एक तर सरळ वाहून जातं नाहीतर खाली झिरपून जातं. अशा ठिकाणी रोप मरतं ते नुसत्या पाण्याअभावी नाही. त्याच्या मुळांना मदत करणारं कुणी त्या ढिगात नसतं म्हणून मरतं.

नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेत डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ओळखून सावनेरजवळच्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या डंपवर काम उभं केलं. साखर कारखान्यातून निघणारा प्रेसमड डंपच्या मातीत मिसळायचा, रोपवाटिकेतच रोपांच्या मुळांना मायकोरायझा बुरशी आणि रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टरसारखे नत्र स्थिर करणारे जिवाणू लावून घ्यायचे, आणि मगच ती रोपं डंपवर न्यायची, अशी ही पद्धत. पुढे कोळसा खाणीच्या १० हेक्टर डंपवर त्यांनी हेक्टरी ५० टन या प्रमाणात सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा गाळ वापरून हाच प्रयोग केला. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर आणि मायकोरायझाचे बीजाणू त्या डंपमध्ये आधी जवळजवळ नव्हतेच, ते वाढले. क्रोमियम, जस्त, शिसं, निकेल, कॅडमियम अशा धातूंची विषारी बाजू साधारण ३४ ते ४३ टक्क्यांनी उतरली. धातू कुठे गेले नाहीत. सेंद्रिय पदार्थ वाढला, सामू (पीएच) अल्कधर्मी बाजूला सरकला आणि धातू जागच्या जागी बांधले गेले.

मायकोरायझाबद्दल थोडं सांगायलाच हवं. तिचे तंतू मुळांच्या आत शिरतात आणि बाहेर लांबवर पसरतात, मूळ जिथे शिरू शकत नाही अशा फटींतून स्फुरद आणि पाणी आणून देतात. बरेचसे धातू तंतूंच्या भिंतीतच अडकतात, झाडापर्यंत कमी पोहोचतात. शिवाय या बुरशीपासून एक चिकट प्रथिन मातीत उतरतं, ग्लोमॅलिन. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या सारा राइट यांनी १९९६ मध्ये ते ओळखलं. सुटी धूळ दाणेदार होते त्यात या बुरशीचा मोठा हात आहे. डंपवर नेमकी तीच गोष्ट नसते.

खाणपट्ट्यातल्या लोकांचे अनुभव इथे यावेत म्हणून धागा काढला आहे. गोवा, सिंधुदुर्ग, चंद्रपूर, यवतमाळ, कुठलेही.

वणीवाला

ताई, धागा वाचून जीव सुखावला. आमच्याकडं चहूबाजूंनी ओबीचे, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या माती-दगडाचे, डंप हायेत. लहानपणी जिथं गुरं चारली तिथं आता टेकड्या. त्यावर सुबाभूळ नाही तर निलगिरी दिसते, लांबून हिरवंगार. जवळ जाऊन पाहा, झाडाखाली गवताची काडी नाही. पाऊस पडला की डंपला नाल्या पडतात आणि खालच्या कपाशीत काळा गाळ येतो.

माझा प्रश्न उन्हाचा. एप्रिल-मे मध्ये काळ्या डंपवर चप्पल घालूनसुद्धा उभं राहवत नाही. तुमचे जिवाणू तिथं टिकतील का?

मृदगंध

@वणीवाला, उघड्या डंपवर टिकणार नाहीत, म्हणूनच गवत आधी. कुसळी, पवना, मारवेल ही आपल्याच माळावरची गवतं. त्यांच्या बारीक मुळांचं जाळं वरच्या वीतभर थरात पसरतं आणि सावलीही होते. पृष्ठभाग झाकला की वरचं तापमान बरंच उतरतं. पहिल्या पावसाच्या आधी उतारावर आडवे चर, त्यांच्या कडेने गवत आणि स्टायलोसारख्या शेंगवर्गीय चाऱ्याचं बी शेणकाल्यात कालवून टाकायचं. जैविक खताची पाकिटं तापलेल्या मातीवर कधीच ओतू नका, आणि दुकानातही सावलीत ठेवलेलीच घ्या. झाडं एक-दोन पावसाळ्यांनंतर लावली तरी चालतात, पण ती गवताच्या सोबतीने लावा.

डंपला नाल्या पडताहेत म्हणजे उतार जास्त आहे. तो पायऱ्यांनी तोडल्याशिवाय आणि पायथ्याला दगडी भिंत व भोवताली पाण्याचा चर केल्याशिवाय जीवशास्त्राचा काही उपयोग नाही. हे खाण चालवणाऱ्यांचं काम आहे, तुमचं नव्हे.

शेतीवेडा

वाचनखूण साठवली. मी सातारकडचा, आमच्याकडे खाणी नाहीत, पण पडीक माळ जीवामृतावर उभा केला आहे. देशी गाईचं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. एकरी २०० लिटर दिलं की गांडुळं आपोआप वर येतात. डंपवर हेच का करू नये? प्रेसमड, गाळ वगैरे बाहेरून आणायची गरजच काय?

मृदगंध

@शेतीवेडा, तुमचा माळ पडीक होता, मेलेला नव्हता. त्यात पूर्वीच्या गवताची मुळं, कुजलेला पाला, थोडा तरी कर्ब होता. जीवामृताने तिथे चालना मिळाली. डंपमध्ये जिवाणू सोडले आणि त्यांना खायला कर्बच नसला तर ते उपाशी मरतात. म्हणून आधी हेक्टरी टनांच्या हिशोबात सेंद्रिय पदार्थ, मग बाकी सगळं. प्रेसमड नसेल तर शेणखत, शहराचं नीट कुजलेलं कंपोस्ट, जंगलातला पाला चालेल. त्यावर जीवामृत द्यायला माझी काहीच हरकत नाही.

एक इशारा मात्र देते. गाळ आणि शहरी कंपोस्ट यांचं धातूंसाठी परीक्षण केल्याशिवाय वापरू नका. नाहीतर आजाराच्या औषधातूनच नवा आजार यायचा.

मेरेवरून

मी डिचोली तालुक्यातला. आमची सरद (पावसाळी भाताची) शेतं खाणीच्या डंपच्या पायथ्याला आहेत. गोव्यातलं खाणकाम २०१२ मध्ये थांबलं, मग थोडं सुरू झालं, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं. कागदावर खाण थांबली तरी पावसात डंप खाली येतच राहिला. आमच्या शेतात तांबडा गाळ बसला आहे, कुठे वीतभर, कुठे त्याहून जास्त. ओला असताना पाय रुततो, सुकला की त्यावर कुदळ वाजते.

भाताची लावणी केली तर पहिले दोन आठवडे रोप बरं दिसतं. मग खालच्या पानांच्या टोकाला बारीक तपकिरी ठिपके येतात, ते खाली सरकत जातात, पान तांबूस होऊन सुकतं. रोप उपटलं तर मुळं काळपट तपकिरी, वर लेप चढल्यासारखी. शेजारच्या शेतकऱ्यांनी लावणीच सोडून दिली. धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) गाडा असं कुणी सांगितलं म्हणून एकाने लावणीच्या तोंडावर गाडला, तर त्याचं भात आमच्यापेक्षा वाईट झालं. असं का व्हावं? सेंद्रिय खत घातल्यावर तर सुधारायला हवं ना?

मृदगंध

@मेरेवरून, तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिली आहेत की शंकेला जागा नाही. ही लोहाची विषबाधा आहे. तुमचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत मोलाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तांबड्या गाळातलं लोह ज्या रूपात असतं ते पाण्यात विरघळत नाही. कोरड्या शेतात ते निरुपद्रवी पडून राहतं. भातासाठी पाणी साठवलं की काही दिवसांत मातीतला प्राणवायू संपतो. मग जिओबॅक्टरसारखे जिवाणू कामाला लागतात. त्यांना श्वासासाठी प्राणवायू लागत नाही, त्याऐवजी ते लोह वापरतात आणि त्या ओघात त्याला विरघळणाऱ्या रूपात आणतात. हे विरघळलेलं लोह रोपात शिरतं आणि पान तांबूस पडतं. रोपही झगडत असतं. भाताच्या मुळांतून थोडा प्राणवायू बाहेर झिरपतो, त्याने लोह मुळाच्या बाहेरच गंजून बसतं. तुम्ही पाहिलेला तपकिरी लेप तो. थोडा लेप रोपाला वाचवतो, फार झाला की अन्न घेण्याचीच वाट बंद होते.

आता धैंचा. या जिवाणूंनाही खायला कर्ब लागतो. ताजा हिरवा धैंचा साचलेल्या पाण्यात गाडला म्हणजे त्यांना भरपूर खाद्य मिळालं. लोह आणखी वेगाने विरघळलं, आणि ते नेमकं लावणीनंतरच्या नाजूक आठवड्यांत. डंपवर जे खत जीव देतं तेच तुंबलेल्या लोहयुक्त शेतात चुकीच्या वेळी दिलं तर घात करतं.

धैंचा सोडू नका, वेळ बदला. पहिल्या पावसावर पेरा, फुलावर येण्याआधी, साधारण ४५ दिवसांच्या आत कापा, आणि गाडताना शेतातलं पाणी काढून टाका. गाडल्यानंतर निदान दोन-तीन आठवडे शेत तुंबू देऊ नका, मग लावणी. त्यासाठी भाताचा वाफा उशिरा टाकावा लागेल. लावणीनंतरही पाणी सतत उभं ठेवू नका, मध्येच मेर (बांध) फोडून शेत आठवडाभर निथळू द्या, भेगा पडण्याच्या आधी पुन्हा भरा. हवा आत गेली की लोह परत गंजून बसतं. पालाश (पोटॅश) कमी असेल तर हा त्रास वाढतो, म्हणून पालाश जरूर द्या.

आणि माती परीक्षण करून घ्या. मृदा आरोग्य पत्रिकेच्या १२ घटकांत लोह आणि मँगनीज दोन्ही असतात, तांबे आणि जस्तही असतं. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम मात्र नसतं, ते वेगळं मागून करून घ्यावं लागतं. जुन्या गोव्याला एला इथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी शेतीवरची संस्था आहे, तिथे विचारा.

झाडोरा

+१. लोहाचं हे गणित पहिल्यांदाच कळलं.

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, कोकणात. गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या डंपवर ऑस्ट्रेलियन बाभळीची जी रांगच्या रांग आहे तिच्याबद्दल बोलायचं आहे. ती भराभर वाढते, मुळांवर गाठी असतात, नत्र स्थिर करते, सगळं खरं. पण तिच्या चामडी 'पानांचा' थर वर्षानुवर्षं जाड राहतो, कुजायला फार वेळ लावतो आणि खाली दुसरं काही रुजू देत नाही. आपल्या जांभ्या सड्यावर (कातळपठारावर) निसर्गतः येणारी मंडळी बघा. धायटी, करवंद, कुंभा, किंजळ, आवळा, खैर. धायटी तर उघड्या, खरवडलेल्या उतारावर स्वतःहून येते. डंपच्या कडेला जे आपणहून आलं आहे त्याचंच बी गोळा करून रोपवाटिका करा. त्या मातीत जगायची परीक्षा ते आधीच उत्तीर्ण झालेलं असतं.

प्रश्नचिन्ह

छान चर्चा. मी पुण्यात, रसायनशास्त्राची पार्श्वभूमी. धातू शोषून घेणारी झाडं असतात असं वाचलं आहे. मोहरी शिसं ओढते, एक नेचा आर्सेनिक ओढतो. मग अशी झाडं लावून, कापून, जाळून जमीन साफ का करत नाहीत? धातू मातीत 'बांधून' ठेवणं म्हणजे प्रश्न पुढे ढकलणं नाही का?

मृदगंध

@प्रश्नचिन्ह, हा प्रश्न योग्यच आहे. टेरिस व्हिटाटा हा नेचा आर्सेनिक साठवतो हे २००१ मध्ये सिद्ध झालं. न्यू कॅलेडोनियातल्या एका झाडाचा चीक निकेलमुळे निळसर हिरवा असतो. अल्बानियात निकेल साठवणाऱ्या वनस्पतींचं पीक घेऊन हेक्टरी १०० किलोच्या आसपास निकेल काढलेलं आहे. निकेलचं जमतं, कारण ती झाडं खरोखर प्रचंड साठवतात.

शिशाचं गणित करून बघा. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या २० सेंटिमीटर मातीचं वजन साधारण २६०० टन. त्यात किलोमागे ५०० मिलिग्रॅम शिसं असेल तर हेक्टरात १३०० किलो शिसं झालं. आता मोहरीचं १० टन सुकं पीक आलं आणि त्यात किलोमागे १०० मिलिग्रॅम शिसं उतरलं असं धरा, दोन्ही आकडे मी उदार मनाने धरते आहे. तरी एका पिकातून १ किलो शिसं निघालं. म्हणजे १३०० पिकं. आणि कापलेल्या पिकाचं काय करायचं हा प्रश्न उरतोच, उघड्यावर जाळलं तर काही धातू धुरातून परत गावावर.

म्हणून मोठ्या खाणपट्ट्यात धातू मुळांशी थोपवून धरणारी झाडं जास्त कामाची. वाळा त्यातला पहिला. मुळं खोल जातात, धातू बहुतांशी मुळांतच राहतात, पानांत कमी चढतात. वारा आणि पाणी यांनी धूळ-गाळ गावात जाणं थांबलं की लोकांच्या शरीरात जाणारं विष तिथेच कमी झालं. मला हे प्रश्न पुढे ढकलणं वाटत नाही.

मोहरीबद्दल आणखी एक. मोहरी, कोबी, मुळा या कुळातली पिकं मायकोरायझा बुरशीला मुळांत थारा देत नाहीत. जिथे बुरशी वसवायची आहे तिथे सुरुवातीला मोहरी घेणं म्हणजे स्वतःच्या कामावर पाणी ओतणं.

सडबरीकर

नमस्कार. मी कॅनडात, ओंटॅरिओ प्रांतातल्या सडबरी शहराजवळ राहतो. इथे निकेल आणि तांब्याचं खनिज भाजून-वितळवून काढायचे. गंधकाच्या धुराने आणि धातूंच्या राखेने साधारण २०,००० हेक्टर टेकड्या पार उघड्या पडल्या होत्या, आणखी ८०,००० हेक्टर अर्धवट. माती आम्लधर्मी झाली आणि त्यात तांबं-निकेल विरघळून मुळं जाळू लागलं.

१९७८ पासून इथल्या पालिकेने काम सुरू केलं. त्यांनीही झाडांपासून सुरुवात केली नाही. डोलोमाइट चुनखडीची पूड हेक्टरी सुमारे १० टन, तीही चढावर माणसांनी पाठीवर पोती नेऊन हाताने पसरली. मग थोडं खत, मग गवताचं आणि शेंगवर्गीय वनस्पतींचं बी. खाणीतली नोकरी गेलेल्या कामगारांना आणि विद्यार्थ्यांना त्यात रोजगार मिळाला. चुना पडल्यावर बर्च आणि पॉपलर स्वतःहून उगवू लागले, पाइन नंतर लावले. २०२२ मध्ये एक कोटीव्या झाडाची लागवड झाली.

माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यांत कामाची गोष्ट पुढेच आहे. इतकी वर्षं झाली तरी जमिनीलगतची छोटी झुडपं, शेवाळं, बुरशी परत येत नव्हती. म्हणून महामार्गाच्या रुंदीकरणात जी जंगलाची जमीन खणली जाणार होती तिथली वरची माती मुळांसकट सतरंजीसारखी छोट्या तुकड्यांत उचलून आणून टेकड्यांवर बसवली. झाडं हिरवी दिसत असताना खालचा संसार अपुरा आहे हे त्यांनी मान्य केलं, म्हणून हे घडलं.

झाडोरा

@सडबरीकर, फार उपयोगी माहिती. आपल्याकडेही रस्ता रुंदीकरणात आणि बंगल्यांच्या प्लॉटसाठी सड्यावरची वरची माती डंपरने उचलून कुठेतरी भरावात टाकतात. ती डंपवर आणता येईल. फक्त रानमोडी, घाणेरी आणि गाजरगवताचं बी त्यातून येणार नाही हे डोळ्यात तेल घालून बघावं लागेल. आणि चांगल्या जंगलातली माती खरवडून कुणीही आणू नये, ही विनंती.

मृदगंध

सहमत. जंगलातून एक टोपली पुरते, ती वाढवता येते. घरगुती कृती देते.

सड्यावरच्या जुन्या गवताखालची किंवा देशी झाडाखालची वीतभर खोलीपर्यंतची माती बारीक मुळांसकट घ्या. धुतलेल्या वाळूत मिसळून कुंड्या भरा. त्यात नाचणी, ज्वारी किंवा मका आणि जोडीला एखादं कडधान्य लावा. तीन-चार महिने वाढू द्या, स्फुरदाचं खत अजिबात देऊ नका. स्फुरद आयता मिळाला तर रोप बुरशीला पोसत नाही. मग पाणी तोडा. झाड सुकू लागलं की बुरशी बीजाणू धरते. वरचं झाड कापून टाका, मुळं बारीक चिरून त्याच मातीत कालवा. हे झालं तुमचं विरजण. रोप पिशवीत लावताना मूठभर मुळांना लागेल असं घाला. नुसतं डंपवर पसरलं तर वाया जाईल. तयार हवं असेल तर दापोलीच्या आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांत चौकशी करा.

शेतीवेडा

ही कृती आवडली, करून बघणार. माती जिवंत होते आहे की नाही हे प्रयोगशाळेशिवाय कसं ओळखायचं?

मृदगंध

@शेतीवेडा, दोन सोप्या चाचण्या आहेत. पांढऱ्या सुती कापडाचे सारख्या मापाचे तुकडे घ्या, शंभर टक्के सुती, शिवणीचा दोराही सुती. एक डंपवर, एक शेतात, एक जवळच्या जंगलात, वीतभर खोल उभा पुरा आणि जागेवर खूण करा. पावसाळ्यात दोन महिन्यांनी काढा. कापड जितकं जास्त कुजलेलं, तितकी माती जिवंत. दुसरी चाचणी, मातीचं सुकं ढेकूळ अलगद पाण्याच्या ग्लासात सोडा. लगेच विरघळून गढूळ झालं तर दाणे धरून ठेवणारा चिकटा त्यात नाही.

वणीवाला

ताई, कापडाची चाचणी केली. जुन्या बांधावरच्या मातीतून काढलं तर नुसते दोरे हाती आले, त्यालाही पांढरी बुरशी. सुबाभळीच्या डंपवरचं कापड धुतल्यावर जवळजवळ जसंच्या तसं, फक्त डाग पडलेले. तिथली झाडं माझ्या दुप्पट उंचीची हायेत. फोटो ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर टाकले, तर सरपंच स्वतः बघायला आले.

आमच्या बायकांचा एक प्रश्न आहे. डंपवरचं गवत गुरांना घालावं का? आणि तिथं भाजी लावली तर?

मृदगंध

@वणीवाला, तुमचे फोटो इथेही टाका, लोकांना पटायला ते माझ्या लिहिण्यापेक्षा उपयोगी आहेत.

भाजी नको, विशेषतः पालक, चवळई, मेथीसारखी पालेभाजी अजिबात नको. धातू साधारणपणे मुळांत सर्वांत जास्त, पानांत त्याहून कमी, दाण्यात आणि फळात आणखी कमी उतरतात. शिवाय पानांवर डंपची धूळ बसते ती वेगळी. गवताचं धातूंसाठी परीक्षण होईपर्यंत गुरं सोडू नका. तसंही पहिली दोन-तीन वर्षं चराई झाली तर गवत बसणारच नाही. बांबू, करंज, शिसव, असं जे खायचं नाही ते लावा.

मेरेवरून

पत्रिका आली. सामू ४.९, सेंद्रिय कर्ब ०.३ टक्के, लोह आणि मँगनीज दोन्हींपुढे 'जास्त', पालाश 'कमी'. चुना किती घालायचा ते प्रयोगशाळेने लिहून दिलं आहे. चुना आणि शेणखत एकाच वेळी घालायचं का? आणि गाळ काढून टाकायचा की नांगरून मिसळायचा?

मृदगंध

@मेरेवरून, एकत्र नको, चुन्यामुळे शेणखतातला नत्र वायू होऊन उडून जातो. चुना एप्रिल-मे मध्ये कोरड्या शेतात पसरून नांगरा, शेणखत त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी.

गाळ वीतभराहून जास्त आहे तिथला काढा. काढलेला ओहोळात अजिबात टाकू नका, डंपच्या खालच्या पायरीवर परत न्या आणि त्यावर लगेच वाळा लावा. जिथे थर पातळ आहे तिथे खोल नांगरून खालच्या मूळ मातीत मिसळा. ती माती अजून तुमच्या शेतात आहे, तिच्यात जीव आहे, फक्त वरून दबली आहे. पण हे सगळं डंपचा गाळ वरून यायचा थांबल्यावर. पायथ्याचा बांध, गाळ अडवणारा खड्डा आणि वाळ्याच्या दोन-तीन आडव्या ओळी याच उन्हाळ्यात झाल्या पाहिजेत. २०२१ च्या जुलैत सिंधुदुर्गातल्या कळण्याला खाणीचा बांध फुटून चिखल-पाणी गावात शिरलं होतं, ते तुमच्यापासून लांब नाही.

वणीवाला

पैशाचं बोलतो. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, खाणबाधित गावांसाठीच तो निधी आहे. आमच्या ग्रामसभेत मांडायला ठरावाचा मसुदा केला आहे. ताई आणि झाडोरा सर, काही राहिलं असेल तर सांगा:

"डंपवर वृक्षलागवडीआधी उताराच्या पायऱ्या, पायथ्याची भिंत व पाण्याचा चर पूर्ण करावा. पहिल्या पावसाळ्यात स्थानिक गवत व शेंगवर्गीय वनस्पती लावाव्यात. सेंद्रिय खत टाकण्यापूर्वी त्याचे धातूंसाठी परीक्षण करून अहवाल ग्रामपंचायतीत लावावा. रोपे मायकोरायझा लावलेली व देशी असावीत. तीन वर्षे देखभाल करावी व दरवर्षी सेंद्रिय कर्ब, सामू व जिवंत रोपांचे प्रमाण ग्रामसभेपुढे ठेवावे. नव्या डंपसाठी वरची माती वेगळी काढून लगेच वापरावी."

झाडोरा

एक भर घाला: बी गोळा करणं आणि रोपवाटिका यांचं काम गावातल्या बचत गटांना द्यावं.

मृदगंध

शेवटच्या वाक्यात 'लगेच' ठेवलंत ते उत्तम. वरची माती वेगळी साठवायचा नियम आहे, पण उंच ढिगात ती वर्षानुवर्षं पडून राहिली की आत हवा पोहोचत नाही, बुरशीचे तंतू आणि बी दोन्ही मरतात. ढीग माणसाच्या उंचीपेक्षा जास्त नसावा आणि त्यावर ताग किंवा गवत पेरलेलं असावं, हेही लिहा. ठराव झाला की पारित झालेला मजकूर इथे टाका, डिचोलीच्या मंडळींनाही तो लागेल.